खोडलेले वाक्य

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला. तो पुढे दुरुस्त झाला आणि आपण तो मनावर घेतला नाही असे ती म्हणते. परंतु तो ज्या रीतीने घडला ती रीत माझ्या एकट्याची नाही, अशी माझी हळूहळू खात्री होत गेली. उच्च शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचे काय करायचे यावर सध्या आपल्याकडे पुष्कळ चर्चासत्रे होतात. अशा दोन-तीन चर्चासत्रांत मीही बोललो आहे. तिथे जे बोललो त्यात ही हकिकत नव्हती. ती इथे लिहितो आहे, आणि त्या विद्यार्थिनीला विचारून लिहितो आहे.

नाशिकमधील एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे मराठी शिकवतो. त्या वर्षी एम. ए.च्या पहिल्या वर्गात चौतीस विद्यार्थी होते. अंतर्गत मूल्यमापनासाठी मी सर्वांना एकच काम दिले : कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेचा आस्वाद सुमारे हजार शब्दांत लिहून आणा. कविता निवडताना फारसा विचार केला नव्हता. फेब्रुवारी जवळ आला होता, २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिन तोंडावर होता आणि ही कविता सर्वांना शाळेपासून ठाऊक होती. शिवाय ती नाशिकच्या मुलांना समजावून द्यावी लागत नाही. तिच्यातील पुराच्या नदीचे नाव गंगा आहे, आणि नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पुरात घर गेलेला एक माजी विद्यार्थी आपल्या सरांना भेटायला येतो. सरांचा हात खिशाकडे जातो. पैशांसाठी आलो नाही, असे तो सांगतो. बस, एवढीच घटना.

चौतीस निबंध आले. टेबलावर गठ्ठा ठेवून मी वाचू लागलो आणि पाचव्या-सहाव्या निबंधापाशी थांबलो. ‘ही कविता केवळ एका पुराची कहाणी नसून मानवी जिद्दीचे शाश्वत स्तोत्र आहे,’ असे वाक्य होते. पुढच्या निबंधात ‘ही केवळ एका व्यक्तीची व्यथा नसून समस्त मानवजातीच्या चिवट आशावादाची गाथा आहे,’ असे होते. त्यापुढच्या निबंधात ‘स्तोत्र’ आणि ‘गाथा’ यांच्या जागी ‘महाकाव्य’ आले होते. प्रत्येक निबंधात तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला ठळक शीर्षक, शेवटी ‘एकंदरीत पाहता’ने सुरू होणारा समारोप. शुद्धलेखन निर्दोष. एका विद्यार्थ्याने तर मर्ढेकरांच्या नावावर एक अख्खा समीक्षाग्रंथ घातला होता, जो मर्ढेकरांनी कधी लिहिला नाही. असे अकरा निबंध निघाले.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आले, आणि दोन वर्षांच्या आत ते आमच्या वर्गातील प्रत्येकाच्या खिशात पोचले. त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. मला राग आला. सत्तावीस वर्षे ज्या विषयावर पोट भरले त्या विषयात मुलांना स्वतःचे दोन शब्दही लिहावेसे वाटू नयेत, याचा तो राग होता. त्या रागात मी उरलेले निबंधही तपासू लागलो. वाचणे आणि तपासणे यांत फरक आहे, हे मी इतरांना नेहमी सांगत आलो आहे. त्या रात्री तो माझ्या लक्षात राहिला नाही.

या तपासणीत बारावा निबंध सापडला. तो पेठ तालुक्यातून आलेल्या एका मुलीचा होता. वर्गात ती मागच्या बाकावर बसे, विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि बोलली तर तिच्या बोलण्यात तिच्या घरच्या कोकणा बोलीचा हेल स्पष्ट ऐकू येई. आणि तिचा निबंध मात्र असा : ‘प्रस्तुत कवितेतील नाट्यात्मकता संवादाच्या एकतर्फी योजनेतून सिद्ध झाली आहे. तथापि ही नाट्यात्मकता भावनेला आवर घालणारी आहे, भावनेला भडकवणारी नव्हे.’ अशी चार पाने. ‘प्रस्तुत’, ‘तथापि’, ‘सिद्ध होणे’ हे शब्द ती मुलगी बोलताना मी कधी ऐकले नव्हते. माझा निकाल तिथेच लागला होता. पुढचे सारे केवळ पुराव्यासाठी झाले.

तो पुरावा मिळवण्याची रीत सांगितली पाहिजे. आमच्या एका सहकाऱ्याकडे यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी एक संगणकीय सोय होती. ती प्रामुख्याने इंग्रजीसाठी होती, मराठी तिला नीट कळत नव्हते. तेव्हा सहकाऱ्याने निबंध आधी यंत्राकडूनच इंग्रजीत भाषांतरित करून घेतला आणि मग ते इंग्रजी तपासायला दिले. उत्तर आले : ७८ टक्के. म्हणजे तिचे मराठी एका यंत्राने इंग्रजीत नेले आणि हे यंत्राने लिहिलेले आहे असा निर्वाळा दुसऱ्या यंत्राने दिला. आज हे लिहिताना मला हसू येते. त्या दिवशी मी तो आकडा निबंधाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिला, वीसपैकी चार गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात, सर्वांदेखत, तिला विचारले, “हे कोणी लिहून दिलं?”

ती उभी राहिली, काही बोलली नाही, आणि खाली बसली. मी ते मौन कबुली समजलो. त्यानंतर आठ दिवस ती वर्गात आली नाही.

इथे टक्केवारीविषयी थोडे लिहायला हवे, कारण हा आकड्यांवरचा विश्वास आमच्यात एकाएकी आलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी २०१८ मध्ये नियम केले. त्यांत प्रबंधातील साम्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे ४०, मग ६० आणि त्याहून अधिक, अशी वाढत जाणारी शिक्षा. नियम आवश्यक होते. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला की, प्रबंध कसा आहे या प्रश्नाची जागा प्रबंध किती टक्के आहे या प्रश्नाने घेतली. मार्गदर्शकही तेच विचारू लागले, विद्यार्थीही. साम्य मोजण्याच्या बाबतीत निदान एवढे तरी होते की, कोणते वाक्य कोठून आले ते समोर ठेवून पाहता येत असे. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याच्या सोयींत तेही नाही. तिथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे मूळ नसते; असतो तो फक्त अंदाज, आणि त्याला चिकटवलेला आकडा.

नाशिकला पूर येतो तेव्हा लोक घनफुटांचे आकडे विचारीत नाहीत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले, हे विचारतात. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. १९६९, २००८, २०१६, २०१९ अशा पुरांच्या आठवणी त्या मूर्तीच्या आधारानेच सांगितल्या जातात. हे माप ढोबळ आहे, पण घाटावर उभ्या असलेल्या कोणालाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते. ७८ टक्के हे माप मला, माझ्या सहकाऱ्याला, किंवा जिच्यावर ते लावले तिला, कोणालाच पडताळता येत नव्हते. तरीही त्याच्यापुढे मी माझे वाचन गहाण टाकले.

पुढे याविषयी वाचताना कळले की, ही चूक जगात इतरत्रही होऊन गेली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा सात सोयी तपासून पाहिल्या. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परीक्षार्थींनी टोफेल या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी घेतले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व बरोबर ओळखले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये चॅटजीपीटी तयार करणाऱ्या कंपनीने स्वतःची अशी ओळखसोय अचूकता कमी असल्याचे सांगून मागे घेतली. कारण समजण्यासारखे आहे. जो परकी भाषा शिकून लिहितो तो जपून लिहितो. ठरलेले शब्द, ठरलेल्या रचना वापरतो. धोका पत्करीत नाही. यंत्रही सर्वांत संभाव्य शब्दामागून सर्वांत संभाव्य शब्द ठेवीत जाते. जपून लिहिणारा माणूस आणि यंत्र यांची भाषा अशी एकमेकींजवळ येते.

पण मी तर मराठीच्या वर्गात मराठी विद्यार्थिनीचा मराठी निबंध तपासत होतो. तिथे हे कसे लागू व्हावे, असे वाटेल. पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या मुलांना प्रमाण मराठी ही आईकडून मिळालेली भाषा नसते. ती शाळेतून, पुस्तकांतून आणि नोट्समधून शिकलेली भाषा असते. ज्यांना ती घरात मिळते ते तिच्याशी सैलपणे वागू शकतात. ‘तथापि’ऐवजी ‘पण’ लिहिले तर कोणी आपल्याला अडाणी म्हणेल, ही भीती त्यांना नसते. तिला होती.

नवव्या दिवशी ती विभागात आली. हातात एक दोनशे पानी वही होती. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “सर, कच्चं लिहिलेलं आणलंय.”

वहीत त्या निबंधाचे तीन खर्डे होते. पहिला पेन्सिलने, बराचसा बोलीत, मध्येच प्रमाण मराठीत. दुसऱ्यात बोलीतले शब्द खोडून वर प्रमाण शब्द लिहिलेले. तिसरा जवळजवळ अंतिम निबंधासारखा. वहीच्या मागच्या बाजूला काही झेरॉक्स पाने टाचलेली होती, पाच-सहा वेळा झेरॉक्सची झेरॉक्स झाल्याने पुसट झालेली. त्यांवरचे अक्षर मी ओळखले. ते माझे होते. १९९९-२००० च्या सुमारास एका वर्गाला मी आधुनिक मराठी कवितेवर उतरवून दिलेल्या नोट्स होत्या त्या. ‘प्रस्तुत कवितेतील नाट्यात्मकता’, ‘तथापि’, ‘सिद्ध झाली आहे’ : सारे तिथे होते. महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्या पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जात होत्या, आणि तिला त्या वसतिगृहातील एका सीनियर मुलीकडून मिळाल्या होत्या.

“नोट्समधली भाषा वापरली तर चालते ना, सर?” तिने विचारले. त्यात उपरोध नव्हता. तिला खरोखरच नियम जाणून घ्यायचा होता.

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. मी पाने चाळत राहिलो, आणि पहिल्या खर्ड्यात एक परिच्छेद दिसला. त्यावर पेन्सिलीने आडवीतिडवी काट मारली होती. तो वाचता येत होता. मी तिच्या परवानगीने वाचला. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. ती चौथीत असताना पावसात त्यांच्या घराची कुडाची भिंत पडली. घरात ठेवलेली नागली भिजली. तीन दिवस ती शाळेत गेली नाही. चौथ्या दिवशी शाळेचे गुरुजी चालत घरी आले, ओट्यावर बसले, कोरा चहा प्यायले, पडलेल्या भिंतीविषयी काही बोलले नाहीत आणि तिला पाढे म्हणायला लावून निघून गेले. त्याखाली तिने एक वाक्य लिहिले होते : ‘या कवितेत सरांनी शेवटी काय केले ते लिहिलेले नाही.’

त्या वाक्यावर दोनदा काट होती.

मी वहीवरून मान वर केली नाही. ही कविता मी किती वेळा शिकवली असेल! तीत बोलणारा विद्यार्थी आहे, त्याचे अश्रू आहेत, हसू आहे, चिखल काढणारे हात आहेत. आणि समोर सर आहेत. विद्यार्थी आपले मागणे सांगतो आणि कविता तिथेच संपते. सरांनी ते मागणे पुरवले की नाही? त्यांचा खिशाकडे गेलेला हात पुढे कुठे गेला? कवितेत हे नाही. आपण सारे वाचक ते गृहीत धरतो, कारण आपल्याला तसे व्हायला हवे असते. माझ्या नोट्समध्ये हा प्रश्न नव्हता. बाजारातल्या कोणत्या गाईडमध्ये तो मी पाहिला नाही. त्या अकरा यंत्रलिखित निबंधांतही नव्हता. तिथे सर एक तर आदर्श गुरूचे प्रतीक होते किंवा समाजाचे. चौतीस जणांत हा प्रश्न एकीला पडला होता, आणि तो पडण्याचे कारण तिच्या आयुष्यात होते : तिच्या गुरुजींनी काय केले ते तिला ठाऊक होते.

“हे का खोडलं?” मी विचारले.

“उत्तरात स्वतःचं काही लिहायचं नसतं ना, सर. तुम्हीच पहिल्या सेमिस्टरला सांगितलं होतं. आणि ते शेवटचं... ते नोट्समध्ये नव्हतं. चुकीचं असेल असं वाटलं.”

मी सांगितले होते, हे खरे आहे. विद्यार्थी कवितेऐवजी स्वतःच्या आठवणी लिहीत सुटतात, म्हणून दरवर्षी सांगतो. सूचना चुकीची नव्हती. पण तिचा परिणाम असा झाला होता की, त्या मुलीने निबंधातून जे जे तिचे होते ते निगुतीने काढून टाकले, त्या जागी माझी भाषा भरली, आणि मग मी तिला विचारले की, यात तू कुठे आहेस?

त्या सत्रात मी त्याच वर्गाला महानुभाव गद्य शिकवत होतो. ‘स्मृतिस्थळा’तील तो प्रसंग मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो : केशवासांना संस्कृतचा ओढा होता, आणि नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण संस्कृतात लिहिले तर पंथातील म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. हा प्रसंग मी दरवर्षी रंगवून सांगतो. बोलीभाषेचा तो केवढा मोठा विजय, असे म्हणतो. ‘लीळाचरित्रा’विषयीही सांगतो : म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्याने पाहिले-ऐकले त्याला विचारले, आणि एकाच लीळेच्या वेगवेगळ्या आठवणी या परंपरेने पाठभेदांच्या रूपाने जपल्या. मराठी गद्याच्या आरंभी सांगणाऱ्याला एवढे महत्त्व होते. हे सारे मी शिकवत होतो, आणि माझ्याच वर्गात एक मुलगी आपल्या घरच्या शब्दांवर पेन्सिलीने काट मारीत होती.

मग त्या अकरा जणांकडे मला वेगळ्या नजरेने पाहावे लागले. मी त्यांना एकेकट्याला बोलावले. आठ जणांनी सरळ कबूल केले. एक जण रात्री घरोघर जेवणाची पार्सले पोचवतो. “एक वाजता खोलीवर येतो सर, मग सुचतच नाही,” असे म्हणाला. आणखी एक जण म्हणाला, “मी आधी लिहिलं होतं. मग यंत्राचं वाचलं, ते जास्त तुमच्यासारखं वाटलं.” हे वाक्य मला फार दिवस छळत राहिले. आम्ही दशकानुदशके आदर्श उत्तर नावाची एक वस्तू घडवली. तीत कवितेचा आशय, अभिव्यक्ती, भाषाविशेष, समारोप असे खण असतात आणि ते भरले की गुण मिळतात. ती आम्ही नोट्समधून वाटली, गाईडवाल्यांनी छापली, अपेक्षित प्रश्नसंचांनी तिला क्रमांक दिले. यंत्राने आमच्या परीक्षेत कॉपी केली असे आपण म्हणतो. मला वाटते, आम्ही जे मागत होतो तेच त्याने इतक्या स्वस्तात आणून दिले की, त्याची खरी किंमत आम्हाला दिसली.

याचा अर्थ यंत्र निरुपद्रवी आहे असा नाही. मर्ढेकरांचा नसलेला ग्रंथ निर्माण करणारे आणि तसे करताना जराही न अडखळणारे साधन साहित्याच्या विद्यार्थ्याच्या हाती असणे ही गंभीर गोष्ट आहे. आपल्या विषयात सगळा कारभार शब्दावर आणि संदर्भावर चालतो. आणि लिहिता लिहिता सुचते, हा अनुभव ज्याने कधी घेतलाच नाही त्याला आपण काय गमावले हेही कळत नाही. त्या मुलीला सरांविषयीचा प्रश्न वाचताना पडला नव्हता. पहिला खर्डा लिहिताना, गुरुजींची आठवण कागदावर उतरवताना पडला होता. खर्डाच नसता तर तो प्रश्नही नसता.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. मुक्त शिक्षणाच्या रविवारच्या वर्गांना शिकवताना जे विद्यार्थी भेटतात ते आपल्या नेहमीच्या विद्यार्थ्यांहून निराळे असतात. अंबड, सातपूरच्या कारखान्यांतले कामगार, अंगणवाडी सेविका, चाळिशीत पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या गृहिणी. अशा एका वर्गात अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करणारे एक गृहस्थ येत. संरचनावादावर मराठीत जे आहे ते त्यांना पुरेना आणि इंग्रजी लेख कळेना. ते एकेक इंग्रजी परिच्छेद यंत्राला देत आणि सोप्या मराठीत समजावून घेत. रविवारी येताना ते शंकांची यादी आणीत. पारिभाषिक संज्ञा यंत्र दर वेळी नव्याच घडवून देई, त्यामुळे त्या यादीत बराच घोळ असे. तरी ती यादी त्यांची होती. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी तो लेख बंद करून ठेवला असता आणि माझ्या नोट्स पाठ केल्या असत्या. ज्ञानगंगा घरोघरी जायची तर तिच्याबरोबर गाळही येणार. तो उपसण्याचे काम शिक्षकाचे आहे, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटले.

आता मी काय करतो ते सांगतो. हा काही उपाय नव्हे, एका वर्गापुरती तडजोड आहे. कविता दिल्यावर पहिली वीस मिनिटे वर्गातच, हाताने, जे सुचेल ते आणि ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहायचे. ते कागद मी गोळा करतो, त्यांना गुण देत नाही. मग घरी निबंध लिहायचा. यंत्राची मदत घेतली तर कोणती घेतली ते शेवटी लिहायचे. निबंधासोबत कच्चे खर्डे जोडायचे. आणि प्रत्येकाशी मी पाच-सात मिनिटे बोलतो. प्रश्न साधेच असतात : हे वाक्य का लिहिलंस? हे का खोडलंस? माझ्या जुन्या नोट्स अजून झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. मी दुकानदाराला त्या काढून टाकायला सांगितले; तो म्हणाला, “सर, त्याच तर खपतात.”

यंत्राला येणार नाही असा प्रश्न शोधून काढण्याचा नाद मात्र मी सोडून दिला आहे. ‘या कवितेत काय लिहिलेले नाही?’ असा प्रश्न विचारला तर यंत्र त्याचेही उत्तर देईल, बहुधा तीन मुद्द्यांत. त्या मुलीच्या वाक्यापर्यंत ते पोचणारच नाही, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. फरक वाक्यात नसेल. फरक एवढाच की, तिच्या वाक्याच्या मागे एक पडलेली भिंत होती आणि ते वाक्य बरोबर आहे की चूक, याची तिला धास्ती होती. ती धास्ती घेऊन कोणीतरी आपल्याकडे येते, म्हणून तर शिक्षकाचे काम उरते.

आणि ही तडजोड चौतिसांत जमते. बी. ए.च्या एकशेवीसच्या वर्गात पाच-सात मिनिटांचा हिशेब केला की हात टेकावे लागतात. अनेक विभागांत मंजूर पदे रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत धावत असतात, आणि त्यांनी प्रत्येकाचा खर्डा वाचावा असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. दूरशिक्षणात तर विद्यार्थी वर्षातून काही वेळाच समोर येतो. माणसाने माणसाचे लिहिणे वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्या व्यवस्थेत मोजला जात नाही त्या व्यवस्थेत टक्के सांगणारे यंत्र येणारच. ते आले म्हणून तक्रार करण्यापूर्वी, त्याला जागा कोणी रिकामी करून दिली, हेही विचारले पाहिजे.

त्या मुलीचे गुण मी बदलले. वर्गात, सर्वांदेखत, माझी चूक सांगितली आणि क्षमा मागितली. ते सोपे गेले नाही. सत्तावीस वर्षांत त्याची सवय नव्हती. ती मान खाली घालून बसली होती, आणि तिला त्या माफीनेही अवघडल्यासारखे झाले असावे. नंतर मी तिला म्हणालो, की तो खोडलेला परिच्छेद घालून निबंध पुन्हा लिही, आपण तो कुठेतरी छापायला देऊ. ती हसली आणि म्हणाली, “आता नको सर. सबमिशन झालंय.”

सत्र संपले, ती पुढच्या वर्षात गेली. वही तिने परत नेली. टिळकवाडीत तात्यासाहेब शिरवाडकर जिथे राहत त्या बाजूने जाण्याचा प्रसंग आला की मला अलीकडे ते वाक्य आठवते. सरांनी शेवटी काय केले ते त्यांनी लिहिले नाही. लिहिले असते तर माझ्यासारख्याची मोठी सोय झाली असती. एक विद्यार्थिनी समोर उभी होती तेव्हा माझा हात कुठे गेला हे मला ठाऊक आहे : तो लाल पेनाकडे गेला. त्या वाक्यावरची काट अजून तशीच असेल. ती पुसणे माझ्या हातात नाही. यापुढच्या वह्यांत ती पडू नये, एवढेच आहे.